लवूच्या गाऱ्हाण्याला स्पीड आला

लवू राऊळ गल्लीत शिरून नुसतं "आज उकडतंय" म्हणाला, तरी आम्ही चार टाळकी आधी गप्प उभी राहायचो. तो दोन घरं पुढे गेला की मग एका सुरात म्हणायचो, "होय म्हाराजा." हा शोध माझा. त्याचं श्रेय मी कुणाला देणार नाही.

आता या चेष्टेमागची हकिकत सांगतो. लवू आमच्या चारकोपचा, माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारा. त्याची सगळी नोकरी इंडस्ट्रियल इस्टेटीत प्रेस मशीनवर झाली, पण जीव सगळा मालवणाकडच्या गावात. तिथे भातं कापून झाली की राऊळांच्या घरची राखण असते. शेताच्या बांधावर एका आंब्याखाली त्यांचा राखणदार बसतो म्हणे, त्याला वर्षातून एकदा कोंबडा आणि नारळ द्यायचा. देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्याने उभं राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवापुढे घरादाराची सगळी मागणी मांडायची, आणि प्रत्येक ओळीला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. हे गाऱ्हाणं घालायचा मान लवूचा. आयुष्यात दुसरा कुठला मान त्याला कुणी दिलेला मला तरी आठवत नाही. कारखान्यात नाही, सोसायटीत नाही, घरात तर सुलक्षणावहिनींपुढे विषयच नको.

मग लवू संडासात घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि गावी जाणं बंद झालं. पण मान सोडील तो लवू कसला. त्याने व्हिडिओ कॉलवर गाऱ्हाणं सुरू केलं. तिकडे पुतण्या निलेश फोन बांधावर दगडाला टेकून ठेवायचा, इकडे लवू टोपी घालून खुर्चीत. गावात डोंगरावर नवा टॉवर, तिकडे नेट झकास. बोंब इकडे. दोन्ही बाजूंनी आम्ही मजले चढवलेले, मधे लवूची बैठी खोली विहिरीच्या तळाला असावी तशी. चित्र सुरुवातीलाच अडकायचं, आवाज तुटत यायचा. लवू एक ओळ म्हणायचा आणि हात जोडून वाट बघत बसायचा. त्याला ठसका लागायचा, वहिनी पाणी आणायच्या, तो पाणी प्यायचा, आणि मग कधीतरी फोनातून घरघरत यायचं, "होय म्हाराजा." की लवू पुढची ओळ घ्यायचा. अख्खी गल्ली दारात उभी राहून ऐकायची आणि पोट धरून हसायची.

गेल्या वर्षी राखणीच्या आठ-दहा दिवस आधी निलेशचा फोन आला. "काका, तुमचा काय्येक ऐकाक येणा नाय आमका. तुमचा नेट लय स्लो. ह्या वर्सा तुमी घाला, फुडल्या वर्सापासून बाबाच घालतले गाऱ्हाणा."

बाबा म्हणजे लवूचा चुलत भाऊ शिवदास. आता ह्या लोकांत एकदा मान दुसऱ्याकडे गेला की गेला, तो परत मागायची सोय नाही. लवू पांढराफटक पडला. काठी टेकत माझ्याकडे आला. "अण्णा, नेट फास्ट करूचा आसा."

"तांब्याच्या कळशीत फोन ठेव," मी म्हणालो. "तोंड दक्षिणेला. तुझं गाव तिकडेच ना?"

आणि ठेवला हो त्याने. दिवसभर फोन कळशीत, आणि हा त्यात तोंड घालून "हॅलो". वहिनींनी मला ज्या शिव्या दिल्या त्या अजून कानात गोड वाजतात. मग हर्षदने, म्हणजे समोरच्या रिक्षावाल्याने, त्याला नेटचा स्पीड वाढवणारं अॅप टाकून दिलं. त्याने फोनवर नुसत्या जाहिराती नाचायला लागल्या आणि होतं नव्हतं ते नेटही गेलं. शेवटी वहिनींनीच त्याला हाताला धरून नाक्यावरच्या मोबाइलच्या दुकानात नेलं. मीही गेलो. अशी मजा कोण सोडतो?

दुकानात दीप्ती नावाची मुलगी बसते. तिने फोन बघितला आणि कपाळाला हात लावला. "काका, हे स्पीडवालं अॅपच सगळं खातंय ना. ते उडवते. ग्रुपवरचे व्हिडिओ आपोआप उतरतायत, ते बंद करते. आणि मेमरी फुल आहे यार, हे एवढे फोटो कसले?"

फोटो देवांचे. रोज सकाळी शुभेच्छांबरोबर येणारे, वर्षानुवर्षांचे.

"ते नाय काढूचे," लवू म्हणाला.

"मग फोन असाच रडणार."

लवूने चप्पल काढली, दुकानातच हात जोडले आणि गणपतीपासून दत्तापर्यंत प्रत्येकाची माफी मागत एकेक फोटो पुसायला घेतला. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. मी मागून म्हणालो, "लवू, विसर्जनाला ढोल सांगू काय?"

"गप रे घाट्या. तुका काय कळता देवाधर्मातला."

दीप्तीने त्याचं कात्रीने कापलेलं जुनं सिम बदलून नवं घातलं, नेटवर्कचं सेटिंग नीट लावलं, आणि शेवटी म्हणाली, "एवढं करूनही तळमजल्यावर नाही चालणार हां. टॉवर दिसेल अशा खिडकीत बसा."

टॉवर दिसतो माझ्या वरच्या खोलीतून. मी लगेच "ये की" म्हटलं. पहिल्या रांगेचं तिकीट मला घरबसल्या मिळत होतं. लवूने मला बजावलं, "गावाक कोणाक सांगा नको. शिवदासाक दणकोच देतंय."

राखणीच्या सकाळी दोघांनी धरून त्याला माझा लोखंडी जिना चढवला. मोडलेल्या खुब्याने एकेक पायरी चढताना तो कण्हत होता आणि तरी हसत होता. खिडकीशी स्टुलावर फोन ठेवला. निलेशने कॉल घेतला, "काका, सुरू करा," म्हणाला, फोन नेहमीसारखा दगडाला टेकवून ठेवला आणि गेला.

चित्र काय आलं म्हणता. आंब्याची पानं हलताना दिसत होती. टोपलीखालचा कोंबडा चोच बाहेर काढत होता, तोही दिसत होता. सगळे राऊळ फोनकडे पाठ करून उभे होते.

लवूने घसा साफ केला. "बा देवा राखणदारा, आज ह्या जाग्यार राऊळांच्या घरातली ल्हान-थोर..."

"होय म्हाराजा."

ओळ संपलीच नव्हती. लवू गडबडला. पुन्हा सुरू केलं. "आज ह्या जाग्यार..."

"होय म्हाराजा."

मला वाटलं, नेट जरा जास्तच फास्ट झालं. मग कान दिला तर तिकडे दुसराच आवाज चालू होता. कोंबड्यापुढे शिवदास हात जोडून उभा होता आणि गाऱ्हाणं तो घालत होता. लोक "होय म्हाराजा" म्हणत होते ते त्याला. आणि हे आजचं नव्हे. त्याचा एकही शब्द अडखळत नव्हता, लोकांचा सूर बसलेला होता. म्हणजे इतकी वर्षं लवू पाणी पिऊन पिऊन ज्याची वाट बघत बसला, ते "होय म्हाराजा" त्याचं कधी नव्हतंच. स्लो नेटमुळे तेवढं झाकलं गेलं होतं.

लवूचे हात जोडलेलेच राहिले. वहिनी पुटपुटल्या, "बंद करा ओ तो."

"रव," लवू म्हणाला. "ऐकूया."

शिवदास घरातल्या एकेकाचं नाव घेत होता. कुणाला नोकरी दे, कुणाला मूल दे. मग म्हणाला, "आणि आमचो मुंबयचो लवूदादा, तेचे लय हाल चलले आसत म्हाराजा. तेका आता लोळत ठेवू नको. हात धरून बेगीन सोडव तेका म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

आणि लवूही म्हणाला. सत्तर वर्षांची सवय ती. ओळ पडली की तोंडातून जाणारच. तेही चांगलं खणखणीत. पूर्वीचं नेट असतं तर हे कोंबडा शिजल्यावर पोचलं असतं. आता तिथल्या तिथे पोचलं. बांधावरचे सगळे राऊळ एकदम मागे वळले.

बेगीन सोडव म्हणजे लवकर मरण दे, आणि त्याला लवूच होय म्हणाला म्हटल्यावर वहिनींनी देवाला हात जोडले. वडीलधाऱ्याने स्वतः "होय" म्हटलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. फोनात शिवदासचा चेहरा दिसत होता, त्याच्या ओठावरचा घाम दिसत होता.

"दादा," तो कसाबसा म्हणाला, "ऐकाक येता तुका?"

"सगळा येता. म्हण फुडला."

शिवदासला पुढचं आठवेना. टोपलीखाली कोंबडा ओरडायला लागला. शेवटी लवूनेच इकडून एकेक ओळ सांगितली आणि शिवदास पोरासारखा मागून म्हणत गेला. गाऱ्हाणं पुरं झालं. मान मात्र गेला तो गेलाच. लवू कण्हत खाली उतरला. मी त्याला विचारलं, "आता रे?" तर म्हणाला, "आता काय, सोडवतलो तो."

गल्लीत लगेच चर्चा. कुणी दिवाळीपर्यंत म्हणालं, कुणी शिमग्यापर्यंत. मी स्वतः शिमगा म्हणालो होतो. लवू आमच्या सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसून अजून धडधाकट आहे.

शिवदास आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करतो. "बरो आसस ना रे दादा?" लवू त्यासाठी मुद्दाम माझ्या खोलीत चढून येतो, कण्हत, पण येतो. फोन चेहऱ्याजवळ धरतो. थोडा वेळ गावच्या गप्पा होतात. मग लवू छातीवर हात ठेवून खोकायला लागतो, चांगला लांब, श्वास अडकल्यासारखा, आणि खोकता खोकता एका डोळ्याने फोनात बघतो. शिवदास पुढे वाकतो. त्याच्या तोंडावर काय काय येतं आणि जातं ते, नेट चांगलं असल्यामुळे, मलाही मागून स्पष्ट दिसतं.