घंटीची दोरी
बसमध्ये घंटी दोनदा वाजली, की मला नव्वदच्या दशकातली धुळ्याची कंडक्टर भरती आठवते. भिंतीवर उंचीची रेघ होती आणि माझ्यापुढची नरडाण्याची मुलगी त्या रेघेला दोन बोटं कमी पडली. तिने सरळ विचारलं, "साहेब, इतली उंची कसाले लागस?" साहेब म्हणाले, "घंटीची दोरी ओढायला." "मंग दोरीच दखाडा ना!" साहेबांनाही कुतूहल वाटलं. आवारातल्या बसमध्ये चढून तिने टाचा न उचलता दोरी दोनदा ओढली, आणि पुढे बसलेल्या ड्रायव्हरने सवयीने गाडी हलवलीच. सगळे हसले, साहेबही हसले, आणि हसत हसतच त्यांनी तिच्या अर्जावर 'अपात्र' लिहिलं. मी निवडले गेले. पुढे नोकरीभर दोरी ओढताना मी वर बघायचे. माझा हात दर वेळी कोपरात वाकलेलाच असायचा.