घाणेरीचा शेवटचा तुकडा

डुकरिणीने माझ्या थोरल्या जावेची मांडी फाडली, तेव्हा मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. बाकीच्या बाया विळे टाकून पळाल्या.

जानेफळजवळच्या आमच्या गावाच्या जंगलात घाणेरी इतकी माजली होती, की तिच्याखाली पळससुद्धा उगवत नव्हता. ती काढायचं गावाने ठरवलं. आम्ही कापणीला सोयाबीन सोंगावं तशा चारही बाजूंनी आत सरकत गेलो आणि मधे थोडीच झुडपं उरली. त्यांच्यात काहीतरी खसखसत होतं.

"एक बाजू मोकळी सोडा वं," मी म्हटलं. "जनावर असंन तर जाईन निघून."

"तुले तं सावलीत बसाचा बहानाच पाह्यजे," जाऊ म्हणाली. "सशाले भेते हे!"

बाया हसल्या. सोंगणीत शेवटच्या तुकड्यातून ससाच निघतो, म्हणून इथेही ससाच असेल असं त्यांनी धरलं. निघाली ती पिल्लांची डुकरीण.

ती पुन्हा जावेच्या अंगावर आली तेव्हा मी तोडलेल्या घाणेरीचा भारा मधे ओढला. मग ती पिल्लं घेऊन नाल्याकडे गेली. मी पदर फाडून जावेची मांडी आवळली.

"हळू बांध ना वं, सटवे!"

"चूप राहा बाई, अन् मरू नका," मी म्हटलं.

खामगावच्या दवाखान्यात तिला टाके पडले. आता ती लंगडते आणि डुकरीण आपणच हुसकावून लावली असं गावभर सांगते. आमचं बोलणं बंद आहे. पण ती वाचली, आणि मीही.