डोक्याचं औषध

रानात औषध शोधायला जाणाऱ्या प्राध्यापकाइतका बिनकामाचा प्राणी दुसरा नाही. पायात नवे बूट, गळ्यात कॅमेरा, आणि पाड्यावर पाय ठेवताच तोंडात "अहाहा, काय हे पारंपरिक ज्ञान!" हे मी खात्रीने सांगतो, कारण जव्हारला वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता मी स्वतः तोच होऊन बसलोय.

वडील निवृत्त मास्तर. आधी ते चष्मा विसरायला लागले, मग वार, मग गाव. एका सकाळी चहा घेऊन आलेल्या आईला त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" आई हसली आणि मोरीत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. नाशिकच्या डॉक्टरांनी गोळी दिली. आजार जाणार नाही, पण उतरण जरा सावकाश होईल, म्हणाले. गोळीनंतर 'बाई'ची अधूनमधून पुन्हा 'अगं' व्हायला लागली. आई त्या 'अगं'वर जगत होती.

एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण मी घरातच तास घेतला.

"आई, मेंदूत निरोप पोचवणारं एक द्रव्य असतं. ते कापून टाकणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ही गोळी त्या विकराला अडवते."

"विकार म्हण."

"विकार नाही गं, विकर."

"अडवते ना? मग झालं तर."

मला ते झालेलं नव्हतं. गोळीतलं द्रव्य मुळात सापडलं परदेशातल्या कुठल्याशा फुलझाडाच्या कंदात. त्यांच्या कंदातून औषध निघतं, मग आमच्या सूर्यमाळच्या रानानं काय घोडं मारलंय? झालं, बूट चढवले आणि जीपमध्ये बसलो.

सूर्यमाळला एका पाड्यावर जडीबुटी देणाऱ्या आजी होत्या. विस्मरण, मज्जासंस्था वगैरे शब्द त्यांना झेपायचे नाहीत, असं मीच ठरवलं आणि सोपं करून विचारलं, "आजी, डोक्याचं औषध आहे का?"

"आहे ना. कोनाला?"

"वडलांना."

"एवढ्या मोठ्या मानसाला झाल्या?"

'झाल्या' हा शब्द कानावर आदळूनही मी म्हणालो, "वयानं होतंच ते."

ओटीवरच्या सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. मला ते हसू निरागस वाटलं. आजींनी तपकिरी भुकटीचा पुडा हातात दिला. खाली जीपवाला हॉर्न बडवत होता. झाड कोणतं, एवढाही प्रश्न न विचारता वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक टेकडी उतरला.

प्रयोगशाळेत परीक्षा सोपी असते. विकर मोकळं असेल तर नळीत पिवळा रंग चढतो, अडलं तर नळी फिकी राहते. माझी नळी फिकी फट्ट. प्राचार्य धावत आले. "सर, हे जागतिक आहे!" त्यांना रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवला.

घरी फर्मान काढलं, "गोळी बंद. उद्यापासून ही भुकटी, दुधातून."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टरांना विकरातलं काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, भुकटी कडू लागेल म्हणून गूळ आणायला बाजारात गेलो. तिथे त्याच आजी करांद्याचे रानकंद विकत बसलेल्या. लांबूनच ओरडल्या, "काय सर, बापाच्या उवा मेल्या का नाय?"

आजूबाजूचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

"उवा?"

"डोक्याचा औषध नेलात ना? सीताफळाच्या बिया वाटल्यात त्या. डोल्यांत जाऊ देऊ नका. तोंडात तर नायच नाय!"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. उवेच्या नसांतही तेच विकर असतं. कितीतरी कीटकनाशकं नेमकं त्यालाच जखडून किडा मारतात. गोळी तेच काम मोजूनमापून करते, एवढाच फरक. या भुकटीनं उवा मरतात, हे मी शास्त्रशुद्ध सिद्ध केलं होतं. जगात ते माहीत नसलेला मी एकटाच होतो.

गूळ तिथेच टाकून धावत सुटलो. घरात शिरलो तर वडील खुर्चीत, आणि आई पेला त्यांच्या ओठांशी नेतेय. मी झडप घालून पेला ओढला. अर्धं दूध वडलांच्या सदऱ्यावर सांडलं.

"प्यायले का?"

"अजून नाही. काय झालं रे?"

वडील माझ्याकडे रोखून बघत होते. "कोण हा? बाईमाणसाच्या हातातून पेला हिसकावतो?"

"अहो, आपलाच मुलगा आहे."

"आपला?" त्यांनी मला बुटांपासून वरपर्यंत न्याहाळलं. "शाळेत घातला नव्हता का याला?"

"घातला होता," आई म्हणाली. "तुमच्याच वर्गात होता."

"मग राहू दे," वडील पुटपुटले. आईनं डब्यातली गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. ती त्यांनी मुकाट्यानं गिळली, आणि ओला सदरा पुढे करून म्हणाले, "अगं, दुसरा दे."