ड्रायव्हरची रताळी

बस चालवायचं सुटलं तेव्हा ड्रायव्हरच्या हातांना काहीतरी धरायला हवं होतं, म्हणून त्याने फावडं धरलं. घरामागे त्याची आणि थोरल्या भावाची सामाईक मोकळी जागा होती. वरच्या मजल्यावरच्या थोरल्याला तिथे एक खोली बांधून भाडेकरू ठेवायचा होता. बायको गेल्यापासून तो वर एकटाच होता आणि पैशाची त्याला मुळीच अडचण नव्हती. तरी खोली कशाला, हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने धाकट्याला एक हंगाम दिला. दोन्ही घरांना पुरतील एवढी रताळी निघाली तर जागा धाकट्याची, नाहीतर गवंडी येणार. जागा गेली तर रोज सकाळी उठून जायचं कुठे, या विचाराने ड्रायव्हर पहाटेच उठून बसे.

नोकरीभर त्याने अर्ध्या टाकीवर गाडी कधी डेपोबाहेर काढली नव्हती. तोच बाणा इथेही. शेजारच्या गोठ्यातून शेण आणून, वाळका पाला मिसळून त्याने ढीग रचला. खत मुरलं का हे बघायला तो लोखंडी गज ढिगात खुपसून ठेवायचा आणि मग तळहाताला टेकवून बघायचा, इंजिन तापलंय का बघावं तसा. गज गार निघू लागला तेव्हाच ते खत मातीत मिसळून त्याने लावणी केली. इथवर त्याचं काही चुकलं नव्हतं.

मग ऊन तापलं. वेलांनी माना टाकल्या, त्याने खत घातलं. पाऊस कोसळला, तेव्हा पहिलं वाहून गेलं असणार म्हणून पुन्हा घातलं. अवेळी गारठा पडला. वेल काकडत असतील म्हणून आणखी घातलं. नंतर नुसतंच ढगाळलं. हवेच्या मनात काय आहे ते कळेना, म्हणून खबरदारी घेतली. वेलांना अजीर्ण होईल, असं बायको म्हणाली. बायकोने कधी बस चालवली नव्हती.

पाला असा माजला की शेजारीपाजारी बघायला येऊ लागले. वेल भिंत चढून वरच्या कठड्याला बिलगले. थोरला ते हलक्या हाताने सोडवून परत खाली सोडायचा.

काढणीच्या दिवशी थोरला टोपली घेऊन खाली आला. पहिल्या ओळीत करंगळीएवढी मुळं निघाली. दुसऱ्या ओळीतही तेच. खाली असतील, असं म्हणत ड्रायव्हर खणत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात वेल पसरल्यावर हातगाडी वळत नसे, त्यामुळे लावणीनंतर तिथे खताचा कणही पडला नव्हता. तिथले वेल किडकिडीत होते. त्यांच्याखाली मात्र मनगटाएवढी रताळी निघाली. टोपलीचा तळ झाकला, एवढीच.

 जिथे आपण काहीच केलं नाही तिथेच पिकलं, हे ड्रायव्हरला फार लागलं. हंगामभर राबून आपणच पिकाच्या आड आलो होतो.

"गवंड्याला बोलाव, दादा," तो म्हणाला.

थोरल्याने एका रताळ्याची माती अंगठ्याने पुसली. "पुढचा हंगामही घे. खत एकदाच, लावणीआधी. मग हात लावायचा नाही."

"मग दिवसभर करू काय?"

"वर येऊन बस," थोरला म्हणाला. "मी रोज तेच करतो. एकट्याने होत नाही ते."