पहिलं शिंगरू पुरलं तिथेच चुकलं

माझ्या धाकट्या भावाला सगळी पागा मुका म्हणते. माणसांशी चार शब्द बोलायचे तर त्याच्या जिवावर येतं, आणि घोड्यांपुढे तोंडाचा पट्टा थांबत नाही. मी तिथेच दाणा भिजवते, थोरली आहे, म्हणून स्पष्ट बोलते: भला माणूस, पण त्या वर्षी शुद्ध गाढवपणा केला.

शर्यतीतून एक तांबडी घोडी आली. पागेच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, नवीन जनावर तीन आठवडे लांब ठेवा. ती एकटी खिंकाळत राहायची. दहाव्या दिवशी यानं तिला गाभण घोड्यांच्या ओळीत नेऊन बांधलं.

"तायडे, एकटं जनावर झुरतं गं," म्हणाला. मीही गप्प बसले. माझंही चुकलंच.

महिन्याभरात एका घोडीनं अकरा महिने भरायच्या आत, नवव्यातच शिंगरू टाकलं. ना ताप, ना खोकला. सकाळी पाहतो तर पेंढ्यात पडलेलं, वारेसकट. मेलेलं शिंगरू आईच्या नजरेपुढे ठेवायचं नाही, ही मुक्याची जुनी रीत. त्यानं ते लगेच कुंपणापाशी पुरलं, घोडीचं अंग पुसलं, "पाय घसरला असेल" म्हणाला आणि त्याच हातांनी शेजारच्या घोडीला दाणा घातला. तिच्या पलीकडे भुरी. आई मेल्यावर त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, आता पहिलटकरीण.

पंधरा दिवसांनी शेजारणीनंही टाकलं. तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

"पहिलं कुठाय?"

"पुरलं."

"अहो, काय केलंत हे! शिंगरू आणि वार तपासली असती तर तेव्हाच कळलं असतं."

दुसरं बर्फात घालून प्रयोगशाळेत गेलं. गाभ पाडणारा विषाणू निघाला, तांबडीबरोबरच आलेला असणार. श्वासातून पसरतो, टाकलेल्या शिंगरातून, वारेतून, आपल्या हातांतूनसुद्धा. बाईंनी उरलेल्या घोड्यांना लस टोचली, पण आधीच आत शिरला असेल तर लस काही करणार नाही, हेही सांगून टाकलं. टाकलेल्या घोड्या पलीकडच्या तबेल्यात गेल्या. त्यांना हात लावणाऱ्यानं गाभण घोड्यांकडे फिरकायचं नाही. त्यांचं सगळं मुक्याकडेच, म्हणजे त्यानं भुरीकडे जायचं नाही.

भुरी त्याचा आवाज ऐकला की दारावर खूर आपटायची. हा मधल्या अंगणात उभा राहून लांबूनच बडबडायचा, "आलो गं बाळ, थोडे दिवस." मला मेलीला रडू यायचं.

लस टोचल्याच्या विसाव्या दिवशी सकाळी मी भुरीचं दार उघडलं, तर पेंढ्यात शिंगरू पडलेलं.

मी हाक मारली तशी तो आला. या खेपेला त्यानं काही पुरलं नाही. शिंगरू, वार, सगळं पिशवीत बांधलं, बर्फात ठेवलं, कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले. मग माझ्याकडे न बघताच विचारलं,

"तायडे, आता हिला माझ्याकडे नेता येईल ना गं?"

मी हो म्हटलं. त्यानं तिला दोरीला धरून पलीकडे नेलं. वाटेत तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.