कांद्याच्या आरएनएची राखणदार

फुलाबाईंच्या लोणच्याला कधी बुरशी आली नाही आणि त्यांनी घरातल्या कोणाला बरणीजवळ फिरकू दिलं नाही, या दोन गोष्टींचा संबंध विंचूरपासून नाशिकपर्यंतचे सगळे नातेवाईक जाणून होते. ओला हात, ओला चमचा आणि बरणीवर वाकून बडबड, या तीन गुन्ह्यांना माफी नव्हती. नवरा खंडेरावसुद्धा वाटी पुढे करून दोन हात लांब उभे राहत.

सून प्रतिभा मात्र रडकुंडीला आली होती. तिची पीएचडी कांद्याच्या डेंगळ्यांवर. थंडी लागली की कांदा पोसायचं सोडून फुलाचा दांडा वर काढतो, आणि असला कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. काही झाडांत एक लांबलचक आरएनए थंडीनंतर फुलं अडवणाऱ्या जनुकाला गप्प बसवतो. कांद्यातही तसा कोणी आहे का, हे तिला शोधायचं होतं. पण कोंबातून काढलेला आरएनए तीनदा तुटला. आता एकाच खेपेपुरते कोंब उरले होते. ते वाया गेले की थेट पुढचा हिवाळा.

"तो बनवतो तरी काय?" फुलाबाईंनी विचारलं.

"काहीच नाही, आई. दुसऱ्या आरएनएंवरून प्रथिनं बनतात. हा नुसता कोणी कधी काम करायचं ते ठरवतो."

"म्हंजे तुझ्या सासऱ्यासारखाच."

खंडेरावांनी पेपर आणखी वर धरला.

दुपारी डबा द्यायला त्या कॉलेजात गेल्या आणि प्रयोगशाळेच्या दारातच थबकल्या. प्रतिभाचा सहकारी हर्षल हातमोजे घालून फ्रिज उघडत होता, मोबाईल बघत होता, कान खाजवत होता. त्याच हातानं तो नळीचं झाकण काढणार, एवढ्यात त्या कडाडल्या, "ए बाबा! त्याच हातानं?"

"आजी, ग्लोव्हज घातलेत ना!"

"ते तुझ्या हाताला घातलेत. नळीला काय घातलंय?"

प्रतिभा चमकली. घामात, थुंकीत आरएनए तोडणारी विकरं असतात, हे ती स्वतः मुलांना शिकवायची.

फुलाबाईंनी स्टूल ओढलं. ओटा दोनदा पुसून घेतला. हर्षलनं सात वेळा हातमोजे बदलले. फ्रिजला हात लागला, बदल. नाकाला लागला, बदल. नळीवर वाकून कोणी बोलायचं नाय.

"मग तुम्हीही, आई," प्रतिभा हळूच म्हणाली.

हे मात्र जड गेलं. अडीच तास! फुलाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि नुसत्या डोळ्यांनी दम दिला. एवढा वेळ त्या स्वतःच्या लग्नातही गप्प बसल्या नव्हत्या.

संध्याकाळी पडद्यावर दोन स्वच्छ, उजळ पट्ट्या उमटल्या. आधी तीनदा तिथं नुसता फराटा आला होता. आरएनए शाबूत होता! प्रतिभानं सासूला मिठीच मारली.

"यातला तुझा तो कोणता?"

"तो यात दिसत नाही हो. नळीतल्या हजारो आरएनएंच्या गर्दीत कुठंतरी असेल तर असेल. शोधायला वर्ष जाईल."

"वर्ष?" फुलाबाईंनी हर्षलकडे बघितलं. त्याचा हात कानापर्यंत जाऊन तिथंच थांबला.

"रोज किती वाजता उघडता रे हे?"