तीन नंबर लाइनचं छप्पर

नॅपनी गावात बातमी अशी पसरली, की व्हर्डा प्लेचरचा नवरा मेला, विम्याचे पैसे घसघशीत आले, आणि बाई आता ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन समुद्र बघत फिरणार. सकाळी सहाला कोपऱ्यावरच्या कॅफेत ही बातमी सुटली, आणि सातपर्यंत तिला शवपेटीचा रंगसुद्धा मिळाला होता. त्यात खरा होता तो फक्त ट्रेलर. डेल्बर्ट प्लेचर जिवंत होता, अंगानं भरला होता, आणि दाताच्या डॉक्टरकडे लोकांचे दात साफ करणाऱ्या एका बाईबरोबर कोकोमोला राहत होता. विमा नव्हता आणि समुद्रही नव्हता. कोर्टानं घर विकायला लावलं, निम्मे पैसे डेल्बर्टकडे गेले, बँकेनं आपला घास घेतला. उरलं त्यात या गावात घराचं दार आलं असतं, घर नाही. ट्रेलर मात्र येत होता. तोही एकच, बारा महिने राहायला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. निवड चुकली तर दुसरा घ्यायला गाठीला काही नव्हतं.

"मेला असता तर बरं होतं," व्हर्डा कॅफेत सगळ्यांदेखत म्हणाली. "माणूस गेल्याचं दुःख तरी करता आलं असतं. आता नुसतं घर गेल्याचं करतेय."

गाव हसलं. नवऱ्यावरून कमी आणि ट्रेलरवरून जास्त. कारण हे ट्रेलर बनवतं तेच मुळी हे गाव. आमच्या गल्लीत अकरा घरं, त्यातल्या नऊ घरांनी जन्मभर कारखान्यात भिंती ठोकल्या, नळ जोडले, गालिचे चिकटवले. आणि या नवांपैकी एकानंही कधी ट्रेलरमध्ये चार दिवसांपेक्षा जास्त मुक्काम केलेला नाही. भिंतीच्या आत काय आहे हे ज्याला माहीत असतं, तो भिंतीला टेकून झोपत नाही.

व्हर्डानं बावीस वर्षं छपरं बंद केली होती, कारखान्याच्या तीन नंबर लाइनवर, म्हणजे जुळणीच्या तिसऱ्या रांगेत. छपराला जिथं जिथं भोक किंवा जोड असतो, म्हणजे हवेचं झाकण, नळाचा पाइप, कडेची पट्टी, तिथं नळीतून पांढरा चिकट मसाला दाबत जायचं, म्हणजे पाणी आत शिरत नाही. मजुरी तासावर नव्हती, नगावर होती. दिवसाचे ठरलेले ट्रेलर दाराबाहेर पडले की लाइन सुटली, घड्याळात काहीही वाजलेलं असो. तीन नंबरवाले पहाटे साडेचारला सुरू करून अकराला घरी असायचे. त्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम साडेनऊचा होता, आणि तो व्हर्डा प्रत्येक लग्नात, बारशात आणि अंत्ययात्रेत सांगत आली होती.

पाच नंबरवाले दुपारी अडीचला सुटायचे. त्यांच्या छपरावर ओरी बॉन्ट्रेगर होता. आमिश, म्हणजे जुन्या रीतीनं राहणाऱ्या, मोटार न चालवणाऱ्या पंथातला; हनुवटीला दाढी, मिशी सफाचट, तोंडात शब्द नाही. तो प्रत्येक जोडाभोवती दोनदा फिरायचा. एकदा मसाला, मग बोटानं चाचपणी, मग पुन्हा मसाला. व्हर्डा डबा हलवत मोठ्या दारातून घरी निघताना त्याला ओरडून सांगायची, "ओरी, छप्पर आहे ते. बाळाला पावडर लावल्यासारखं काय करतोस?" तीन नंबर लाइन खदखदून हसायची. ओरी मान हलवायचा, जणू बाईंचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे.

गिऱ्हाइकाला माहीत नसलेली एक गोष्ट या गावाला माहीत आहे. पलंगाखालचा खण ओढून पूर्ण बाहेर काढला, की मागच्या फळीवर पेन्सिलनं लाइनचा आकडा आणि तारीख लिहिलेली असते. व्हर्डानं ठरवलं होतं, की ट्रेलर घ्यायचा तो तीन आकडा बघूनच.

बघायला जायचं ते समोरच्या वेंडल कुल्पच्या ट्रकमधून. वेंडल कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवून निवृत्त झालेला. त्याच्या घराच्या बाजूला मोकळी जागा होती, तिथं विजेची जोडणीही होती. ती जागा तो व्हर्डाला भाड्यानं देणार होता. शेजारी म्हणून भाडं थोडं कमी आणि शेजारी म्हणूनच चौकशा थोड्या जास्त.

पहिल्यांदा ते ट्रेलरच्या दुकानात गेले. केस चोपडून बसवलेल्या एका पोरसवदा विक्रेत्यानं त्यांना नवाकोरा ट्रेलर दाखवला. त्यात भिंतीतली शेकोटी होती, काचेमागे खोट्या ज्वाळा.

"हे आगीचं चित्र आहे का?" व्हर्डानं विचारलं.

"ऊबही देतं, मॅडम."

व्हर्डानं खिडकीखाली अंगठा दाबला. भिंत आत गेली आणि बाहेर आली. "आणि या भिंतीत ऊब राहावी म्हणून काय भरलंय? तुझी बडबड?"

किंमत तिच्याकडच्या पैशांच्या तिप्पट होती, तेव्हा तो प्रश्न तिथंच संपला.

दुसरा वाकारुसाला, मिसेस हॉलिंजर नावाच्या म्हाताऱ्या बाईंकडे. त्यांचे यजमान वृद्धांच्या दवाखान्यात होते आणि आता कुठं जाणार नव्हते. बाईंनी ॲपल पाय भाजून ठेवला होता. ट्रेलर तपकिरी, साधा, चौदा वर्षांचा, आणि व्हर्डाच्या खिशाला परवडेल असा. व्हर्डानं अंगठ्यानं सगळे कोपरे दाबले. कपाटात डोकं घालून वास घेतला. न्हाणीच्या दाराशी टाचेनं जमीन ठोकून पाहिली. सगळं कोरडं ठणठणीत. मग तिनं खण ओढला. मागं पाच आकडा.

तिथून तिचा चेहराच फिरला. शिडी लावून कशीबशी छपरापर्यंत चढली आणि वरूनच ओरडली, "अगं बाई, मसाला किती थापलाय हा. एवढा कुणी लावतं का? काहीतरी लपवलंय."

"आम्ही चौदा वर्षं वापरला," मिसेस हॉलिंजर खालून म्हणाल्या. "एकदाही थेंब—"

"चौदा वर्षं तुमचं नशीब चांगलं होतं. पाच नंबरचं काम आहे हे. गोगलगाईंनी केलेलं. तुम्ही फुकट दिलात तरी ओढून न्यायचं पेट्रोल वाया जाईल माझं."

मिसेस हॉलिंजरनी ॲपल पायवर पुन्हा फडकं टाकलं. वेंडलचे दोन तुकडे तोवर खाऊन झाले होते.

दुसऱ्या दिवशी वेंडल एकटाच वाकारुसाला गेला. "काल ती बाई काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंतच," असं गंभीर तोंड करून सांगितलं आणि सांगितलेल्या किमतीच्या जेमतेम निम्म्यात तपकिरी ट्रेलर घेऊन आला. कशासाठी, तर हरणाच्या शिकारीचं सामान ठेवायला.

व्हर्डाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मूर्खाकडे पैसे टिकत नाहीत, दुसरं काय." आणि आठवडाभर त्याच्याशी फक्त ट्रकपुरतं बोलली.

तिसरा ट्रेलर ब्रेमेनला एका निवृत्त मास्तरकडे होता. पांढरा, चकचकीत, नऊ वर्षांचा. मास्तरनं तो टिनाच्या शेडमध्ये ठेवला होता आणि सगळा मिळून दोनदा बाहेर काढला होता, तेही भर उन्हाळ्यात. आत नव्या सामानाचा वास अजून होता. व्हर्डानं खण ओढला. तीन आकडा दिसला. त्याच्या शेजारी तारीखही होती, पण माणसाला आपलं नाव दिसलं की तो पुढचं वाचत नाही. तिनं तो आकडा बोटानं पुसल्यासारखा केला, जसं कुणी नातवाच्या तोंडावरचं खरकटं पुसतं.

मास्तरनं सांगितलेली किंमत तिच्या जवळच्या पैशांपेक्षा अगदी थोडीच कमी होती.

"भाव तरी कर," वेंडल हळूच म्हणाला.

"माझ्याच कामाचा भाव पाडू?" म्हणून व्हर्डानं चेक लिहिला.

ऑक्टोबर संपायच्या आत ती राहायला आली. वेंडलच्या अंगणात दोन ट्रेलर शेजारी शेजारी, एक पांढरा आणि एक तपकिरी. व्हर्डानं खिडक्यांना पडदे लावले, दाराशी कुंडी ठेवली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवून सांगू लागली, "वरचं छप्पर या हातानं बंद केलंय. पाण्याची हिंमत नाही."

पाण्याची हिंमत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. पाऊस लागला तो तीन दिवस. पहिल्या सकाळी व्हर्डा जागी झाली ती कपाळावर गार बोट टेकल्यासारखं वाटून. तिनं वर पाहिलं. हवेच्या झाकणाच्या कडेला एक थेंब फुगत होता, पडत होता, पुन्हा फुगत होता.

तिनं कुणाला सांगितलं नाही. पातेली लावली. वेंडलची बायको आयोना दारात आली तेव्हा व्हर्डानं दार बोटभर उघडून सांगितलं, की सूप उकळतंय, वाफ फार झालीय, आत नको येऊस. आयोना घरी जाऊन म्हणाली, "तीन दिवस सूप उकळतंय. अख्खी गाय शिजवतेय की काय?"

कारखान्यात गिऱ्हाइकांची पत्रं यायची, आणि जेवणाच्या सुट्टीत ती मोठ्यानं वाचली जायची, तेवढीच करमणूक. ओरेगनच्या एका म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, की पावसाळ्यात पाणी नेमकं माझ्या पत्नीच्या कपाळावर पडतं, काय करावं? व्हर्डानं सँडविच चघळत उत्तर दिलं होतं, "उशी पायाकडे घ्या." त्यावर तीन नंबर लाइन टेबल बडवून हसली होती. आता व्हर्डानं उशी पायाकडे घेतली. दुसऱ्या दिवशी पाणी तिकडेही आलं.

तिसऱ्या दिवशी आयोनाला खिडकीतून पलंगावर मांडलेली पातेली दिसली, आणि तिनं नवऱ्याला हाक मारली. वेंडलनं दारावर टकटक केली ती आत आल्यावर. त्यानं छपराकडे बघितलंच नाही. सरळ वाकला, पलंगाखालचा खण ओढून काढला, आणि चष्मा नाकावर ढकलून तारीख वाचली. मग पुन्हा वाचली, मोठ्यानं, एकेक आकडा वेगळा करून. ती तारीख नऊ वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारची होती. हरणांची शिकार दुसऱ्याच दिवशी खुली व्हायची होती, तीन नंबरमधल्या प्रत्येकाला जंगल गाठायचं होतं, आणि लाइन साडेनऊला सुटली होती.

"व्हर्डा," वेंडल म्हणाला, "हा तर तुझा पराक्रम."

तो इतका हसला, की त्याला बसावं लागलं, आणि बसला तो नेमका ओल्या गादीवर. तरी हसतच राहिला.

"तुझ्या शिकारीच्या टोप्या कोरड्या आहेत ना?" व्हर्डानं विचारलं.

"एकदम. मोजे तर इतके कोरडे आहेत की कडकड वाजतात. तू म्हणत होतीस ना, मसाला जास्त आहे म्हणून?"

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या अकराही घरांना साडेनऊचा अर्थ कळला. शनिवारी पाऊस थांबला आणि वेंडलनं शेवटचा घाव घातला. ओरी बॉन्ट्रेगर आता शनिवारी लोकांच्या दुरुस्त्या करतो. वेंडल त्याला ट्रकमधून घेऊन आला. गल्ली कॉफीचे मग घेऊन अंगणात जमली. आयोनानं तर खुर्च्या मांडल्या.

ओरीनं सगळ्यांना मान लववली, शिडी लावली, टोपी खाली ठेवून वर गेला. त्याला या गमतीतलं काहीच माहीत नव्हतं, आणि व्हर्डाला तेच जास्त लागलं. बराच वेळ वरून नुसता खरवडण्याचा आवाज येत होता.

"झाकणामागं हातभर जागा तशीच राहिलीय," तो शेवटी म्हणाला. "मसाला निघून गेलेला नाही. लागलेलाच नाही." मग अगदी साधेपणानं, "कुणाची लाइन?"

खाली सगळ्या माना व्हर्डाकडे वळल्या.

"सांग की," वेंडल म्हणाला.

"माझी," व्हर्डा म्हणाली. "छप्परही माझं आणि हातही माझाच."

ओरीनं वरून पाहिलं. उपदेश केला नाही, हसला नाही. पिशवीतून मसाल्याची दुसरी नळी काढून तिच्या दिशेनं धरली. व्हर्डाचे गुडघे दोन वर्षांपूर्वीच कामातून गेले होते. ती एकेक पायरीवर थांबत चढली, वर पोचल्यावर हातापायांवर रांगत झाकणाशी गेली, आणि मसाला दाबत फिरली. फिरून झाल्यावर उठायला लागली.

"अजून एकदा," ओरी म्हणाला.

ती पुन्हा खाली वाकली. अंगणातल्या खुर्च्यांमधून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

दरम्यान वेंडल आत जाऊन आला होता. पलंगाशेजारच्या भिंतीत त्यानं अंगठा दाबला होता, व्हर्डा दाबायची तसाच, आणि अंगठा पेरभर आत गेला होता. बाहेर येऊन त्यानं तो सगळ्यांना दाखवला. अंगठ्याला ओला भुसा चिकटलेला होता.

"छप्पर बंद होईल, व्हर्डा, पण भिंत गेली," तो वर बघून म्हणाला. त्याच्या आवाजात आता गंमत थोडी कमी होती, पण होती. "तुझे सगळे पैसे यात होते. उद्या विकायला काढलास, तर हा डबा घेणार कोण?"

व्हर्डानं मान वर केली नाही. बोटानं जोड चाचपत ती म्हणाली, "तूच घेशील, वेंडल. मी चारचौघांत नावं ठेवली, की दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन जायची तुला सवय आहे."